फोर्जची चुडावा शाखा

"माननीय अध्यक्षांनी त्या कॉम्रेडला सांगावं, त्यांच्या रुमालाचं टोक चहात बुडायलंय," सिद्धोधनमामा म्हणाले.

अध्यक्ष भजी तळत होते. हातातला झारा तसाच धरून हरिओम मागं वळला. "गुर्जी, रुमाल."

बन्सीधर गुरुजींनी खांद्यावरच्या रुमालाचं टोक कपातून काढलं, पिळलं, अन् शेजारच्या टेबलाकडं न बघता म्हणाले, "अध्यक्षांनी त्या कॉम्रेडचे आभार मानावेत. अन् हेबी विचारावं, की अर्धा रुमाल बुडंस्तोवर कॉम्रेड गप कामून बसले होते?"

"अध्यक्ष, तुमची पाठ होती इकडं. अध्यक्षाचं तोंड असल्याबिगर बोलता येत न्हाई."

दोन टेबलांमधी अंतर म्हणाल तर एक वीत. चुडाव्याच्या स्टेशनावर उतरलेला नवा माणूस हरिओमच्या हाटेलात चहाला बसला की त्याला वाटायचं, ही दोन म्हातारी बहिरी असावीत अन् भजीवाला दर वाक्य त्यांना वरडून सांगायच्या कामावर असावा. गावाला मात्र सवय होती. गेली पस्तीसएक सालं हे असंच चाललं होतं.

आता ही भानगड समजायची तर पॅरिसला जाऊन यावं लागतं. चला, भाडं नको.

पॅरिसात एका बेकरीच्या तळघरात वीस-बावीस पोरापोरींनी मिळून एक गट काढला. नाव ठेवलं 'ला फोर्ज', म्हणजे लोहाराची भट्टी. दुनियेतल्या सगळ्या बेड्या हितं वितळवायच्या, असा इरादा. तिथल्या मोठ्या डाव्या पक्षाला हे लोक उजवे म्हणायचे. त्याच्या डावीकडच्या पक्षाला विकलेले म्हणायचे. त्याच्याबी डावीकडं एक गट होता, त्याला पोरकट म्हणायचे. एवढं सरकल्यावर ह्यांच्या डाव्या हाताला निव्वळ भिंत उरली होती. महिन्याला एक पेपर काढायचे, कारखान्याच्या फाटकावर थंडीत कुडकुडत इकायचे, अन् उरलेले घरी नेऊन त्याच्यावरच शेकायचे. दर दोन-तीन सालाला गट फुटायचा. बाविसाचे चौदा झाले, चौदाचे नऊ. पण जेवढे कमी तेवढे पक्के, असा त्यांचा हिशोब.

त्यातलाच झाँ-लुई नावाचा एक पोरगा रेल्वेच्या मोठ्या संपानंतर पूर्णा जंक्शनला आला. संपातल्या कामगारांचा त्याला अभ्यास करायचा होता. अभ्यास राहिला बाजूला, झाली कावीळ. तवा चुडाव्याचे नवेनवे मास्तर झालेले बन्सीधर त्याला आपल्या मळ्यावर घेऊन आले. रुळावर गँगमन असलेला सिद्धोधन ड्यूटी सुटली की ऊस अन् मुळे घेऊन रोज यायचा. कावीळ उतरंस्तोवर तिघांनी मिळून चुडाव्यात फोर्जची भारतीय शाखा काढलीसुद्धा. गाव झाँ-लुईला जानुभाऊ म्हणायचं अन् शाखेला भट्टी. पोलीस पाटलाला लय दिवस वाटायचं, मळ्यावर दारू गाळायलेत. दोनदा येऊन हुंगून गेला बिचारा.

जाताना जानुभाऊ गटाची घटना मागं ठेवून गेला. गुरुजींनी डिक्शनरी मांडीवर घेऊन ती मराठीत उतरवली. त्यातली दोन कलमं मोठी करारी होती. एक, ठरावाच्या बाजूनं असाल तर डावी मूठ वर, विरोधात असाल तर उजवी. दुसरं, गटातून काढून टाकलेल्या माणसाशी सभासदानं थेट बोलायचं न्हाई. अगदीच नड असली तर अध्यक्षामार्फत बोलावं, अन् अध्यक्ष कोणत्याच बाजूचा नसावा.

ह्या दोघांची दोस्ती काय सांगावी. नामांतराच्या साली आसपासची गावं पेटली होती, बौद्धांच्या वस्तीवर कवा काय चालून येईल सांगता येत नव्हतं, तवा गुरुजी सिद्धोधनच्या दारात बाज टाकून झोपायचे. भावकीनं त्यांचं विहिरीचं पाणी तोडलं. "तुझ्यापायी मपलं पाणी गेलं की रे," असं म्हणायचे अन् सिद्धोधनच्याच रांजणातलं पाणी ढोसायचे. "बन्सी, रांजण रिकामा केलास तर उद्या तूच भरायचा," सिद्धोधन म्हणायचा. तो बन्सी म्हणायचा. गावात दुसरं कुणी गुरुजींना बन्सी म्हणत नव्हतं. बायको तर नावच घेत नव्हती.

मग पॅरिसात सवाल उठला, की लहान शेतकऱ्याला कामगार म्हणायचं का मालक. तिथल्या एकाकडंबी शेत नव्हतं, त्यामुळं भांडण लय रंगलं. गट फुटला. एक राहिली फोर्ज, एक झाली नवी फोर्ज. चुडाव्याला हुकूम आला, बाजू निवडा. मधल्या काळात आलेले बाकीचे सभासद तोवर कुणी पुढाऱ्याच्या जीपमागं लागले होते, कुणी भजनात. उरले हे दोघं. गुरुजींच्या नावावर सहा एकर, सिद्धोधनच्या नावावर अंगणातली तुळशीएवढी सावली. एकानं नवी धरली, एकानं जुनी. लिंबाखाली सभा घेऊन दोघांनी एकमेकाला गटातून काढून टाकलं. दोन्ही ठराव एकमतानं मंजूर झाले, कारण दोन्हींना मत एकेकच होतं.

अध्यक्ष म्हणून हरिओमच्या बापाला, रंगनाथला बसवलं. तो दोघांनाबी सारखाच पाणचट चहा देतो, म्हणून निःपक्षपाती. रंगनाथ गेला तवा हरिओमला हाटेल मिळालं, दमा मिळाला अन् अध्यक्षपद मिळालं.

अन् हरिओम म्हणजे चुडाव्यातलं एक नंबर डांबरट माणूस. पन्नाशी गाठली तरी अंगातला वांडपणा जिरला नव्हता. गुरुजी म्हणायचे, "कॉम्रेडच्या तब्येतीची विचारपूस करा." हा मामांकडं तोंड करून म्हणायचा, "मामा, गुर्जी विचारायलेत, तुमी अजून हायेत का?" एकदा तर त्यानं खबर उठवली, की पॅरिसहून कॉम्रेड सकाळच्या पॅसेंजरनं येतोय. दोघं प्लॅटफॉर्मच्या दोन टोकाला आपापला लाल झेंडा अन् झेंडूचा हार घेऊन उभे. गाडीतून उतरला एक गोरागोमटा दाढीवाला शालवाला, काश्मीरकडचा. दोघंबी पळत सुटले. बिचाऱ्याच्या गळ्यात दोन हार पडले, दोन मुठी वर झाल्या. त्यानंबी धंदा वळखला, दोघांना एकेक शाल गळ्यात मारली अन् पुढल्या गाडीनं नांदेडला गेला. गाव आठवडाभर हसलं. गुरुजी दोन दिवसांनी हसले. मामा आजतागायत हसले न्हाईत, पण शाल वापरतात.

तर असं सगळं मजेत चाललं होतं. ह्या हिवाळ्यात गुरुजींच्या छातीत कळ आली. नांदेडच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं, हृदय थकलंय, आपरेशन झेपणार न्हाई, घरी न्या अन् जपा.

हरिओम भेटायला गेला तर गुरुजी बाजेवर पडून आढ्याकडं बघत होते. धुरपताबाई, त्यांची बायको, पलीकडं लसूण सोलत होती.

"हऱ्या, एक काम करशील?"

"बोला गुर्जी. शालवाला बोलवू का?"

"गप, येड्या." गुरुजींनी मामांच्या घराच्या दिशेनं तोंड फिरवलं. मग म्हणाले, "त्यानं मला एकदा बन्सी म्हणावं. माझ्याकडं बघून. तुझ्यामार्फत न्हाई. मग काय व्हायचं ते होऊ दे."

धुरपताबाईनं लसणाची पाकळी सुपात फेकली. "पस्तीस साल झाले, ह्या घरात ही एकच रट," ती म्हणाली. "सवतीसंगं नांदले असते तर बरं झालं असतं."

हरिओमनं सिद्धोधनमामांना गाठलं. मामा घरापुढं बसून सायकलची चेन पुसत होते. ऐकून घेतलं. चेन पुसायची थांबली, पण मान वर झाली न्हाई.

"मपल्या हातात असतं तर रे हऱ्या. मी त्याला काढलं न्हाई, पॅरिसनं काढलं. मी निस्ता हात वर केला. काढलेला माणूस परत घ्यायचा तर पॅरिसचाच ठराव लागतो."

"मामा, पॅरिसहून तर कैक सालात एक पोस्टकार्ड आलेलं न्हाई."

"म्हणूनच तर," मामा म्हणाले. "मागायचं कुणाला?"

हरिओमच्या डोक्यात आधी आलं ते सवयीनं आलं. पूर्णेत एक नाटकवाला वळखीचा होता, दाढी लावून फोनवर त्याला पॅरिस करता आलं असतं. पण का कोण जाणे, ह्यावेळी त्याच्यानं ते होईना. गुरुजींनी अशी मागणी केली होती की तिला डुप्लिकेट माल चालला नसता. मग त्यानं जन्मात पहिल्यांदा खरं पॅरिस हुडकायला घेतलं. फोर्जच्या जुन्या पेपरचा एक अंक हाटेलच्या फळीवर बरणीखाली अंथरलेला होता. तेलकट कोपऱ्यात बाईचं नाव होतं, ऑदील काहीतरी. ते त्यानं फेसबुकवर टाकलं. त्या नावाच्या बाया निघाल्या ढीगभर. फोनमधी भाषा बदलायची सोय असते, तिच्यावर मराठीत लिहून त्यानं सगळ्यांना एकच विचारलं, "बाई, तुमी लोहाराच्या भट्टीत होता का?"

बऱ्याच बायांनी त्याला ब्लॉक केलं. एकीनं पोलिसाची धमकी दिली. अन् एकीनं आवाज भरून पाठवला. म्हातारा, खरखरीत आवाज, मागं बकऱ्या बें बें करायलेल्या. हरिओमनं तो फोनला ऐकवला, फोननं मराठीत उतरवून दिला:

"होय, मी होते. भारतातली शाखा! ती अजून आहे? आम्ही तर कधीच संपलो. शेवटी चार जण राहिलो होतो, त्यातल्या दोघांचं लग्न मोडलं. तुम्ही म्हणता ती फूट मला आठवते. शेतकऱ्यावरून. पण ती तीनच महिने टिकली. हिवाळ्यात तळघराला भाडेकरू मिळेना, म्हणून आम्ही पुन्हा एक झालो. सगळी बडतर्फी रद्द केली. बाहेरच्या शाखांना कळवायचं काम झाँ-लुईकडं होतं. तो तेव्हा प्रेमात होता, विसरला असेल. आता तो नाही. बाहेरची शाखा तुमची एकच होती. त्या दोन साथींना सांगा, मला लाज वाटते."

हरिओम हे वाचून खुर्चीत बसला. गिऱ्हाईक चहा मागत होतं, त्याला ऐकू येईना. पॅरिसात तीन महिन्यात मिटलेलं भांडण चुडाव्यानं पस्तीस साल पोसलं होतं. दोन्ही घरच्या पोरींची लग्नं झाली, सुना आल्या, नातवंडं झाली, अन् सगळ्या लग्नांत आहेर अध्यक्षामार्फत झाले. मामांची बायको गेली तवासुद्धा गुरुजी स्मशानात येऊन हरिओमला म्हणाले होते, "कॉम्रेडला सांगा, जेवून घ्या."

तो फोन घेऊन तसाच पळत मामांकडं गेला. दमा लागला. धापा टाकत सगळं सांगितलं, आवाज ऐकवला.

मामांनी शेवटपर्यंत ऐकलं. बकऱ्यांपर्यंत.

"बाई कुठली? वसमतची?"

"मामा, आईशप्पथ. फ्रान्सची हाय."

"शालवालाबी फ्रान्सचाच होता."

"मामा, तवा मजाक केली होती मी. हे खरं हाय वो!"

"तवाबी तू आईशप्पथच म्हणला होतास. तवा तुझी आई हयात होती, आता तर तीबी न्हाई." मामांनी फोन त्याच्या हातात परत दिला, अगदी हळू. "मरणाऱ्या माणसाच्या नावानंबी तू मजाक करायला लागलास, हऱ्या, मला तुझी कीव यायली."

आता काय करावं माणसानं? हरिओमनं बाईला व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. तिच्या डोंगरात रेंज नव्हती. फोटो मागितला. तिनं बकरीचा पाठवला. गावातल्या ज्याच्या-त्याच्याकडं जाऊन हरिओम म्हणायला लागला, "तुमी तरी मामांना सांगा, खरं हाय म्हणून." ज्यानं-त्यानं त्याच्या पाठीवर थाप मारली. "वा हरिओम! ह्यावेळी लय झाक रचलंस बघ. बकऱ्या कुठून आणल्यास?"

अन् त्याच आठवड्यात गुरुजींना लकवा मारला. डावी बाजू लुळी पडली. जीभ जड झाली, बोललेलं कुणाला कळंना. त्यांना ती पॅरिसची खबर सांगायची राहूनच गेली. सांगितली असती तरी मामांसारखाच त्यांनाबी तो मजाकच वाटला असता.

धुरपताबाई उठली अन् भर दुपारी मामांच्या दारात जाऊन उभी राहिली. हरिओम पाठीमागं होताच.

"भाऊजी, तुमचं पॅरिस घाला चुलीत," ती म्हणाली. "माझा माणूस चाललाय. येता का न्हाई?"

मामांनी तिच्याकडं बघितलं. आत गेले. धुतलेला शर्ट घालून बाहेर आले. "वैनी, मी काय विचार करत न्हाई असं वाटतं का तुमाला? मी घटना बघून काढलीय. वरून उत्तर येत नसलं तर खालच्या दोन्ही शाखांनी मिळून सभा घ्यावी, अन् एकमतानं ठराव केला तर फूट मिटते. एकमतानं. हऱ्या, अध्यक्ष हो."

पस्तीस सालानं मामा त्या घरात शिरले. दारात क्षणभर थबकले, मग बाजेपासून वीतभर अंतर ठेवून स्टुलावर बसले. हरिओम मधी डब्यावर बसला. गुरुजींचा चेहरा एका बाजूला उतरला होता, पण डोळे जागे होते. ते मामांवर होते.

"सभेला सुरुवात," हरिओम म्हणाला. त्याला स्वतःचा आवाज लय बारीक वाटला.

"ठराव," मामा म्हणाले. "चुडाव्यातली फूट संपली, असं दोन्ही गट एकमतानं जाहीर करतात. अध्यक्षांनी मतं घ्यावीत."

मामांची डावी मूठ वर गेली. अन् गुरुजींच्या अंगात हालचाल झाली. घामाघूम होत, दात चावत त्यांनी मूठ वळली अन् बाजेच्या कडेपासून उचलत उचलत वर नेली. उजवी.

हरिओमनं मामांकडं बघितलं.

"अध्यक्षांनी मोजावं," मामा म्हणाले.

"मामा, त्यांची डावी बाजू गेलीय वो."

"मोजावं."

"बाजूनं एक," हरिओम म्हणाला. "विरोधात... एक."

"ठराव फेटाळला. सभा उद्यावर तहकूब."

अंगणात धुरपताबाईनं मामांचा रस्ता अडवला. तिनं तोंडाला येईल ते सुनावलं. दगड म्हणाली, लोखंड म्हणाली, रेल्वेचा रूळ म्हणाली. मामा खाली मान घालून ऐकत राहिले. ती रडत आत गेली तवा हरिओमला म्हणाले, "मला दिसंना का रे? मला दिसतंय. पण मी आज त्याच्या उजव्या हाताला होकार म्हणालो, अन् त्याचा खरंच विरोध असला, तर मग त्यानं कोणता हात वर करावा? त्याच्याकडं न्हाई म्हणायला हातच उरत न्हाई. ज्याला न्हाई म्हणता येत न्हाई, त्याचं हो घ्यायचं असतं का?"

हरिओम थोडा रस्ता मामांच्या मागं गेला, अन् परत फिरला.

दुसऱ्या दिवशी सभा. बाजूनं एक, विरोधात एक. तिसऱ्या दिवशीबी तेच. हरिओमनं एकदा हळूच गुरुजींची लुळी मूठ धरून वर करायला बघितली, तर मामा गरजले, "अध्यक्षांना मताचा अधिकार न्हाई!" गुरुजी घशातून काहीतरी म्हणाले. ती शिवी होती का हसू, ते कळंना. मामा रोज यायचे, रोज स्टुलावर बसायचे, रोज ठराव पडायचा. धुरपताबाई रडायची थांबली अन् सभेला चहा द्यायला लागली. गुरुजींच्या तोंडात ती चमच्यानं चहा घालायची, तो गालावरून ओघळायचा, अन् मामा हरिओमला म्हणायचे, "अध्यक्षांनी कॉम्रेडचा गाल पुसावा." वीतभर अंतरावरून.

गुरुजींची उजवी मूठ रोज थोडी खालीच थांबायला लागली. आधी कपाळापर्यंत यायची. मग छातीपर्यंत.

त्या दिवशी सकाळपासूनच त्यांचा श्वास घरघरत होता. मामांनी ठराव मांडला. स्वतःची डावी मूठ वर केली. गुरुजींची उजवी मूठ बाजेवरून उचलली, पोटापर्यंत आली, अन् उघडून पडली.

मामा बघत राहिले. त्यांची मूठ वरच होती.

मग स्टूल पडलं. "बन्सी!" मामा वरडले. "बन्सी, उचल! डावा नको, कोणताबी उचल! ए बन्सी, येड्या, न्हाई म्हण मला! म्हण न्हाई!"

हात उचलला न्हाई. गुरुजींचे डोळे मिटलेले होते.

हरिओम डब्यावरून घसरून बाजेपाशी गेला. सभासदानं अध्यक्षाला वलांडून बोललेलं त्यानं पहिल्यांदाच ऐकलं होतं. नियमाप्रमाणं त्यानं हरकत घ्यायला पाहिजे होती. त्यानं गुरुजींच्या कानाला तोंड लावलं.

"गुर्जी. मामा तुमाला बन्सी म्हणले. आताच म्हणले. तुमच्याकडं बघून."

गुरुजींचा एक डोळा उघडला. तो हरिओमवर थांबला. हरिओमला ती नजर वळखीची होती. चौथीत असताना गृहपाठाची वही गाईनं खाल्ली असं त्यानं सांगितलं होतं, तवा गुरुजींनी असंच बघितलं होतं. रागावून न्हाई. काय पोरगं हाय, म्हणून.

"आईशप्पथ गुर्जी," हरिओम म्हणाला, अन् त्याचं त्यालाच वाईट वाटलं.

तो डोळा तसाच, जरासा हसत, मिटायला लागला.

हरिओमनं मामांचा हात धरून त्यांना बाजेवर वढलं. "मामा, परत म्हणा. ते माझ्यावर इस्वास ठेवीनात. जोरात म्हणा, मामा, बिगी!"

मामा वाकले. वीतभर अंतर राहिलं न्हाई. त्यांनी तोंड उघडलं. पण आवाज येईना. एकदा झालं, दोनदा झालं. ते गुरुजींच्या तोंडाकडं बघत होते, अन् त्यांच्या तोंडून शेवटी जे निघालं ते हरिओमकडं वळून निघालं.

"अध्यक्षांनी," मामा म्हणाले, "अध्यक्षांनी त्या कॉम्रेडला..."